सॅलिनसला उतरले नाही

पालो आल्टो विमानतळाची धावपट्टी जेमतेम २,४४३ फूट लांब आहे. एका बाजूला सॅन फ्रान्सिस्को उपसागराची खारजमीन, दुसऱ्या बाजूला गोल्फचं मैदान. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करता करता मी इथेच सेसना १७२ चालवायला शिकले. चार आसनांचं, एका इंजिनाचं हे विमान जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हाती दिलं जातं. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान २० तास प्रशिक्षकाबरोबर आणि १० तास एकट्याने. बहुतेकांना प्रत्यक्षात याहून बरेच जास्त तास लागतात. एवढे तास शिकवतात तरी काय, असं मला अनेकांनी विचारलं आहे. विमान सरळ उडवणं, वळवणं हे तर लवकर हाताला येतं. बाकीचा बराचसा वेळ जातो तो आपल्या शरीराला आणि मनाला ज्याची अगदी खात्री वाटते, त्यावर हवेत विसंबायचं नाही हे अंगी मुरवण्यात.

सुरुवात स्टॉलपासून होते. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला, की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही आणि पंख विमानाला तोलून धरेनासा होतो. इंजिन व्यवस्थित चालू असलं तरी. माझे प्रशिक्षक साठी उलटलेले, शांत गृहस्थ. भरपूर उंचीवर गेल्यावर ते थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाची शक्ती कमी करायला लावत आणि सांगत, आता योक (विमानाचं नाक वर-खाली करणारं सुकाणू) ओढत राहा. वेग उतरत जातो. मग डाव्या पंखातून इशाऱ्याचा एक पातळ, कण्हल्यासारखा आवाज येऊ लागतो. पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, त्यातून हवा ओढली गेली की आतली पत्ती वाजते; विजेची तार नाही, बॅटरी नाही. त्यानंतर विमान थरथरतं आणि नाक एकदम खाली पडतं. समोरच्या काचेत आकाश नसतं, जमीन असते. त्या क्षणी अंगातली प्रत्येक नस सांगते, ओढ, वर घे. करायचं मात्र उलट. योक पुढे ढकलायचा, म्हणजे जमीन दिसत असताना नाक जमिनीकडेच द्यायचं, वेग परत मिळवायचा आणि मगच सावकाश वर यायचं. हे समजायला पाच मिनिटं पुरतात. हाताने ते आपसूक करायला मात्र पुष्कळ सराव लागतो.

आकाशात उंचावर स्टॉल सहसा निरुपद्रवी असतो. जीव जातो तो धावपट्टीसमोरच्या शेवटच्या वळणात. तिथे हाताशी काही शे फूटच उंची असते. वारा मागून ढकलत असेल तर वळण मोठं होतं, धावपट्टीची रेषा ओलांडली जाते आणि विमान आणखी तिरकं करून ते वळण कसंबसं जुळवून घ्यावंसं वाटतं. उंची न सोडता ६० अंश तिरक्या वळणात पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे एरवी जो वेग सुरक्षित, तोच तिथे घातक. सावरायला खाली जागाच नसते. रेषा चुकली की पूर्ण शक्ती द्यायची, वर जायचं आणि नव्याने यायचं, एवढंच आमचे प्रशिक्षक सांगत. बिघडलेलं उतरणं दुरुस्त करत बसणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं, आणि मलाही ते आता पूर्ण पटलेलं आहे.

आठवणीवरही भरवसा ठेवायचा नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या डेटनजवळ बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं चार इंजिनांचं विमान उडताच कोसळलं. चालवणारा लष्करातला मुरलेला चाचणी वैमानिक होता. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने नियंत्रण-पृष्ठं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप तसंच राहून गेलं होतं. वैमानिकाची चेकलिस्ट रुजली ती त्या अपघातानंतर. आमच्या सेसनाच्या योकमध्येही तशीच एक अडकण असते आणि ती काढणं यादीत अगदी सुरुवातीला येतं. टाकीचा काटा काहीही दाखवो, पायरीवर चढून मोजपट्टी बुडवून इंधन बघायचंच. दिवसाच्या उड्डाणात मुक्कामी पोचल्यावर अर्ध्या तासाचं इंधन उरलं पाहिजे असा नियम आहे. प्रशिक्षकांनी मला एका तासाची सवय लावली.

सगळ्यात मोठी फसवणूक कान करतात. आतल्या कानातलं पाणी वळण सुरू झालेलं ओळखतं, पण एकसारखं वळण काही सेकंद चालू राहिलं की ते पाणीही बरोबर फिरू लागतं आणि आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं. प्रशिक्षकांनी मला डोळे मिटून मान खाली घालायला सांगितलं आणि विमान अगदी हळूहळू फिरवत नेलं. आपण सरळ जातोय, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. डोळे उघडले तेव्हा क्षितिजाचं उपकरण चांगलंच कललेलं होतं आणि उंची भराभर उतरत होती. ढगात शिरलेल्या, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वैमानिकाचं हेच होतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात अशा २० जणांवर प्रयोग झाला. बाहेरचं दिसेनासं झाल्यापासून ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ होता १७८ सेकंद. जॉन एफ. केनेडी यांच्या मुलाचं विमान १६ जुलै १९९९ च्या रात्री मार्थाज व्हिनयार्डजवळ समुद्रात पडलं, पत्नी आणि मेहुणी दोघी बरोबर होत्या. धुरकट हवेत, काळ्या पाण्यावर दिशाभान हरपणं हेच कारण चौकशीत नोंदलं गेलं.

उरली मनाची ओढ. ती कुठल्याही उपकरणावर दिसत नाही.

परवान्याआधी एकटीने एक लांबचा प्रवास करावा लागतो. एकूण किमान १५० सागरी मैल आणि तीन ठिकाणी उतरणं. माझा मार्ग ठरला पालो आल्टो, मर्सेड, सॅलिनस आणि परत. आई तेव्हा सांगलीहून आली होती. एकट्याच्या उड्डाणात प्रवासी घेता येत नाही, म्हणून ती आणि माझे यजमान गाडीने सॅलिनसला निघाले. मुलगी विमानातून उतरताना तिला बघायची होती. डब्यात थालीपीठं होती.

मर्सेडला उन्हाची तलखी होती आणि आकाश लख्ख. सॅलिनस मात्र मॉन्टेरे उपसागराच्या जवळ. उन्हाळ्यात तिथे समुद्रावरून ढगांचा सपाट थर आत येतो. सकाळी पसरलेला थर दुपारपर्यंत विरेल असा अंदाज होता. फोनवर हवामान ऐकलं, ढग ८०० फुटांवर. अशा वेळी नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला तिथे खास परवानगीशिवाय मनाई असते. किमान १,००० फूट लागतात. मी तासभर थांबून पुन्हा ऐकलं. ढग १,१०० फुटांवर.

कायद्याने आता जाता येत होतं. पण ढगांच्या ५०० फूट खाली राहायचं, म्हणजे जमिनीपासून ६०० फुटांवरून, दोन्हीकडे डोंगर असलेल्या अनोळखी खोऱ्यातून जायचं, आणि थर पुन्हा खाली आला तर परतायला वाट राहीलच असं नाही. आईला फोन केला.

“आई, मी तिकडे येत नाहीये.”

“का गं? ढग तर पार वर आहेत. खाली सगळं स्वच्छ दिसतंय.”

तिला तसंच दिसत होतं. तिच्या आवाजातली निराशा मला स्पष्ट ऐकू आली, आणि खरं सांगते, इंजिनाच्या कुठल्याही बिघाडापेक्षा तो आवाज जास्त धोक्याचा होता. हे उड्डाण पूर्ण धरलं जाणार नाही, पुन्हा पैसे मोजावे लागतील, परीक्षेची तारीख पुढे जाईल, हे सगळं त्या आवाजात मिसळत गेलं. मी प्रशिक्षकांना कळवलं आणि आले त्याच वाटेने, माउंट हॅमिल्टनवरचे लिक वेधशाळेचे पांढरे घुमट डावीकडे ठेवून परतले. संध्याकाळी घरी थालीपीठं खाल्ली. तो प्रवास नंतर पूर्ण झाला आणि परवानाही मिळाला. आई तेव्हा सांगलीला होती.

तुमच्या घरातलं कुणी छोटं विमान चालवायला शिकत असेल, तर त्याला लग्नाची, वाढदिवसाची, भेटीची वेळ विमानाने गाठायला लावू नका. “आज येत नाही” असा त्याचा फोन आला तर कारण विचारू नका, थोडं थांबून बघ असंही सुचवू नका. “बरं, सावकाश ये,” एवढंच म्हणा.