स्वप्नातली शुद्ध आणि दिवसाची तालीम

दुःस्वप्नांनी हैराण झालेले काही जण आता मागणी ठरवूनच माझ्याकडे येतात: "डॉक्टर, ल्युसिड ड्रीमिंग शिकवा." स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं उमगलं, की मागे लागलेल्याला पळवून लावता येईल, ही त्यांची आशा.

आशा खुळी नाही. एर्वे द सां-देनी या फ्रेंच विद्वानानं १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा सजग स्वप्नांचे अनुभव नोंदवले. पुरावा मात्र १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात मिळाला. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, अंग लुळं असलं तरी डोळे हलतात. कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसानं आधी ठरवल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून स्वप्नातून खूण केली.

सजग स्वप्नांसाठी आधी स्वप्नं आठवायला शिकतात. उशाशी वही ठेवतात. "पण मग वाईट स्वप्नं वाढतील ना?" ही भीती मी नेहमी ऐकतो. ज्यांना स्वप्नं जास्त आठवतात ते दुःस्वप्नंही जास्त सांगतात, हे खरं; पण म्हणून आठवणीला दोष देता येत नाही. पहाटेकडे रेम झोपेचे टप्पे लांबतात आणि त्यातून जाग आली की स्वप्न ध्यानात राहतं. दुःस्वप्न तर स्वतःच दचकवून उठवतं. ते आठवणारच! याउलट रात्रीच्या पहिल्या प्रहरी किंचाळत उठणाऱ्या मुलाला सकाळी बहुधा काही आठवत नाही. तो गाढ झोपेतला झटका असतो. त्यावर वहीचा उपयोग नाही.

भीती टोकाला गेली की कधी कधी 'हे खरं असूच शकत नाही' असं स्वप्नातच कळतं. पण कळलं म्हणजे वळवता येतंच असं नाही. सगळं समजतंय आणि हलता येत नाही, अशी सजग दुःस्वप्नं जास्तच छळतात.

नेदरलँड्समधल्या स्पूरमाकर आणि व्हान डेन बाउट यांचा २००६चा २३ जणांचा छोटा अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो. सजग स्वप्नांचं प्रशिक्षण घेतलेल्यांची दुःस्वप्नं घटली. मात्र त्यासाठी स्वप्नात शुद्ध येणं गरजेचं ठरलं नाही. माझ्या मते, गुण दिवसा केलेल्या तयारीचा असावा.

म्हणून मी आधी प्रतिमांची तालीम शिकवतो. बॅरी क्राकॉव यांनी २००१ साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये तिचा उपयोग दाखवून दिला. स्वप्न लिहायचं, हवं तिथून बदलायचं आणि नवी गोष्ट रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणायची. फार भीषण स्वप्न सुरुवातीला घ्यायचं नाही. सजग स्वप्नांसाठी काही जण करतात तशी पहाटे गजर लावून झोपमोड करायची गरज नाही. चालू औषधं मात्र डॉक्टरांना दाखवावीत. रक्तदाबावरच्या काही बीटा-ब्लॉकर गोळ्यांनीही वाईट स्वप्नं पडतात.

तालमीनंतर एखाद्या रात्री स्वप्नात शुद्ध आलीच, तर काय करायचं हे ठरलेलं असतं. नाही आली, तरी उपचार अडत नाही.