आनंदाची घटका

अमेरिकेत सायंकाळी कामाची वेळ संपली, की पुष्कळशा उपाहारगृहांतून मद्य व खाद्यपदार्थ काही काळ सवलतीच्या दरात मिळतात. या वेळेस तेथे 'हॅपी अवर' म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली आज नोकरीनिमित्त तिकडे आहेत. रिकाम्या खोलीचे दार उघडण्यापेक्षा चार माणसांत बसावे, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की बसावे कोठे?

शिकागोतील पिल्सन वस्तीत काही काळ आमचा मुक्काम होता. ही वस्ती एकोणिसाव्या शतकात झेक स्थलांतरितांनी वसवली व मायदेशातील एका शहराचे नाव तिला दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मेक्सिकन कुटुंबांची झाली. तेथील अठराव्या रस्त्यावर मेक्सिकन खानावळी पुष्कळ. वसईकडील काही तरुण सायंकाळी आम्हांस भेटावयास येत. मार्गारिटा जेथे सर्वांत स्वस्त, तेथे जावे, असा त्यांचा आग्रह असे. टकीला, लिंबाचा रस आणि संत्र्याचे मद्य यांचे हे मिश्रण आंबटगोड असते. त्यातील मद्य जिभेला फारसे जाणवत नाही, म्हणूनच ते जपून घ्यावे लागते.

आम्ही मात्र आधी तोर्तिया पाहत असू. ही मक्याची पातळ भाकरी. तिच्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात. जेथे ही खटपट अजून होते, तेथे पेल्यासोबत मनापासून केलेले अन्नही मिळते. दुसरे, मद्य न घेणाऱ्यासाठी तेथे काय आहे, हे पाहत असू. चांगल्या खानावळीत चिंचेचे सरबत आणि लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत मोठ्या बरण्यांत भरून ठेवलेले असते. तिसरे, शेजारपाजारची कुटुंबे तेथे येतात का? आजी नातवंडांना घेऊन जेथे जेवावयास बसते, तेथे तरुणांचा आवाज आणि पेला दोन्ही आवरते राहतात.

इलिनॉय राज्याने १९८९ साली हॅपी अवरवर बंदी घातली होती. २०१५ साली ती उठली, पण अटींवर: दिवसाला ४ तास, आठवड्याला १५ तास, आणि एका पेल्यावर दुसरा फुकट देण्यास मनाई. हे नियम विकणाऱ्यासाठी आहेत. पिणाऱ्याने कोठे थांबावे, हे सोबत बसलेल्या माणसांनीच सांगावे लागते. दारूपायी मोडलेली घरे धर्मगुरू या नात्याने आम्ही आतून पाहिली आहेत. त्या घरांतील कित्येक माणसे आरंभी एकटीच पीत होती. प्रभू येशूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला, तो लग्नघरच्या पंगतीसाठी, हे आपण विसरू नये.

एका सायंकाळी एका लहानशा खानावळीच्या वृद्ध मालकीणबाईंनी, आम्ही कोठले, असे विचारले. भिंतीवर ग्वादालुपे मातेची तसबीर होती. आम्ही संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतले. ते वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर ते हुतात्मा झाले. मेक्सिको शहरात जन्मलेले संत फेलिपे दे हेसूस त्याच दिवशी, त्याच टेकडीवर हुतात्मा झाले. दोघेही फ्रान्सिस्कन, आणि १८६२ साली दोघांना एकत्रच संतपद मिळाले. बाईंना फेलिपे ठाऊक होते, गोन्सालो नव्हते. आमच्या मुलांना गोन्सालो ठाऊक होते, फेलिपे नव्हते. बाई खुर्ची ओढून आमच्यात बसल्या. बोलण्यात तास गेला, गरम तोर्तिया येत राहिल्या, आणि दुसरा पेला मागवण्याची आठवण कोणासच झाली नाही.

मुले दूरदेशी असली, की आईवडील फोनवर काळजीने विचारतात, "पीत तर नाहीस ना, बाळा?" हे विचारावेच. पण त्याआधी, "जेवायला कोणाबरोबर बसतोस?" एवढे विचारावे, आणि उत्तर नीट ऐकावे.