टेपची साक्ष

माझें वजन उंचीला शोभेसें आहे, अशी ग्वाही वजनकांटा मला गेलीं वीस वर्षें देत आला आहे. किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, हें बेल्जियमच्या केतलेचें १८३२ च्या सुमाराचें गणित. माझें उत्तर येतें २२. पण केतले होता खगोलशास्त्रज्ञ. तो शोधीत होता ‘सरासरी मनुष्य’, आणि त्याला कुठलें आलें पोट!

माझा भ्रम फोडला तो २००४ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें छापलेल्या एका छायाचित्रानें. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाहि भागाकार २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! भागाकाराला स्नायु आणि मेद सारखेच.

माझे वडील असेच सडपातळ होते. मधुमेहानें त्यांचा पाय गेला, तेव्हांहि त्यांना कोणी लठ्ठ म्हटलें नव्हतें.

त्या रात्रीं पत्नीच्या शिवणाच्या डब्यांतली टेप मीं चोरून कमरेभोंवतीं गुंडाळली. आपल्याकडील पुरुषाला ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. टेप ९४ वर थांबली.

“अहो, पोट आंत ओढूं नका,” दारांतून आवाज आला.

मीं श्वास सोडला. ९७.