आधी आधार, मग पाऊल

चंद्रपूर-बल्लारपूर भागातील भूमिगत कोळसा खाणींत आमच्या खालूंनी सारी उमर काढली. त्यांचे काम टिंबर मिस्त्रीचे, म्हणजे खाणीच्या छताला आधार देण्याचे. या खाणी 1973 साली सरकारी झाल्या. आज त्या नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहेत.

खालू सांगतात, खाणीत सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. मधे कोळशाचेच जाड खांब ठेवून वाटा पाडतात. पण खालचा कोळसा निघाला की वरच्या दगडाचे थर सुटू लागतात. पूर्वी त्याखाली लाकडी टेकू पाचर मारून घट्ट बसवत. लाकूड मोडण्याआधी करकरते, माणसाला पळायला वेळ देते. आता छतात भोक पाडून, त्यात सिमेंट किंवा राळ भरून लोखंडी बोल्ट बसवतात आणि पट्टी लावून नट आवळतात. गोधडीचे थर टाक्यांनी एकत्र राहावेत, तसे दगडाचे थर एकमेकांना धरून राहतात. छत सळईने ठोकून बघायचे: खणखणीत आवाज आला तर दगड पक्का, पोकळ आला तर सुटलेला.

निमोण्यात कोळसा नाही, पण विहिरी आहेत. यंदा आमचा एकोणीस वर्षांचा भाचा विहिरीच्या कामावर जायला निघाला. बहिणीचा निकाह ठरलेला, घरात पैशांची नड. विहीर पंधरा फूट खाली गेलेली, वरचा मुरूम भुसभुशीत, उपसलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर. आम्ही ठेकेदाराला म्हटले, "ढीग मागे सरकवा, मुरमाला आधी बांधकाम घ्या." तो हसला, "मास्तर, जो डरतो त्याने घरी बसावे."

आम्ही खालूंना फोन लावून दिला. ते भाच्याला एवढेच म्हणाले, "बेटा, खाणीत आम्ही आधार दिलेल्या छताखाली उभे राहूनच पुढचा आधार लावायचो. बिनआधाराच्या छताखाली साहेब असो की मजूर, कुणीच जायचे नाही. त्याला डरपोकपणा म्हणत नाहीत, काम येणे म्हणतात."

भाच्याने ते काम सोडले. तीन आठवड्यांची मजुरी बुडाली, निकाहच्या दावतीतले दोन पदार्थ कमी झाले. आपाजान काही दिवस आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचा राग आम्हाला समजतो. घर चालवणाऱ्यालाच पैशाची किंमत कळते.

2017च्या कोळसा खाण नियमावलीत छताच्या आधाराचा लेखी आराखडा सक्तीचा आहे. आपल्या विहिरीवर निदान तोंडी तरी विचारावे: वरचा मुरूम बांधला का? ढीग काठापासून लांब आहे का? खाली उतरायची शिडी पक्की आहे का? तवक्कल जरूर ठेवावा, पण तो खबरदारी घेतल्यावर. जान ही अल्लाहची अमानत आहे. हलाल रोजीसाठी मुलाला घराबाहेर पाठवताना डबा भरून देतो, दुआ देतो. त्याबरोबर हे तीन प्रश्नही त्याच्या तोंडी द्यावेत.