मिकोनोसची जत्रा

ज्याची नोकरी बोटीवर गेली, त्याला लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "एवढे जग पाहिलेत, त्यात सर्वांत आवडले ते गाव कोणते?" विचारणाऱ्याची अपेक्षा लंडन, न्यूयॉर्क, फार तर टोकियो अशी असते. मी "मिकोनोस" म्हणतो, आणि शेजारचा गृहस्थ घाईघाईने जिलबीकडे वळतो.

त्याचा दोष नाही. एजियन समुद्रात, अथेन्सच्या आग्नेयेला, सिक्लाडीस नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातले हे एक बेट. क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस किलोमीटर. झाडे बेताची, पाणी त्याहून बेताचे, दगड मात्र मुबलक. हर्क्युलिसने मारलेले राक्षस या शिळांखाली पुरले आहेत, अशी तिथली जुनी कथा आहे. बेट पाहिले की ती खरी वाटू लागते.

१९८४ च्या जुलै महिन्यात आमची बोट पिरीअस बंदराजवळ दुरुस्तीला लागली होती. मी सेकंड इंजिनिअर, वय बत्तीस. त्या काळी अधिकाऱ्यांना पत्नीला बरोबर नेण्याची मुभा असे, त्यामुळे आमची हीही बोटीवर होती. बोटीचा बोसन, म्हणजे आपल्याकडचा सारंग, मिकोनोसचा. इंजिनाच्या आवाजात एकमेकांवर ओरडून आमची मैत्री जमली होती. तो म्हणाला, "चार दिवस रजा काढा. आमच्या घरची जत्रा आहे." घरची जत्रा हा शब्दप्रयोग मला तेव्हा उमगला नाही, पण रजा मात्र काढली.

पिरीअसहून निघालेली बोट पाच-सहा तासांनी बेटाला लागली. उन्हाळ्यात तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि दिवसच्या दिवस थांबत नाही. धक्क्यावर पाऊल ठेवताच त्याने हिच्या पातळाचे शीड केले. एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने निऱ्या, आणि नवऱ्याच्या हातात तीन पिशव्या, अशी आमची वरात पांढऱ्याशुभ्र गल्ल्यांत शिरली. घरे पांढरी, जिने पांढरे, फरशीच्या सांध्यांवरही चुन्याच्या रेघा. गल्ल्या इतक्या वाकड्यातिकड्या की चाचे आत शिरले तर वाट चुकावेत म्हणून त्या तशा बांधल्या, असे लोक सांगतात. पाहुणा मात्र नक्की चुकतो.

बेट तेव्हाही गजबजलेलेच होते. युरोपातले शौकीन लोक तिथे १९६० च्या दशकापासून येऊ लागले होते. समुद्रात पाय सोडून बसलेल्या घरांच्या ओळीला 'छोटे व्हेनिस' म्हणतात. तिथे संध्याकाळी खुर्ची मिळणे मुश्किल. टेकाडावर पवनचक्क्यांची रांग, खाली दोरीवर धुण्यासारखे वाळत घातलेले ऑक्टोपस, आणि या गर्दीतून एखाद्या मामलेदाराच्या थाटात फिरणारा एक पाणकोळी पक्षी. त्याचे नाव पेत्रोस. १९५० च्या दशकात वादळात सापडलेल्या या पक्ष्याला कोळ्यांनी वाचवले, आणि तो बेटाचाच होऊन राहिला. हॉटेलात शिरून मासा मागण्याचा त्याचा हक्क सर्वमान्य होता. हिने त्याला वाट देण्यासाठी अंग चोरले, तेव्हा त्याने मान वळवून पाहिलेदेखील नाही.

बोसनची आई साठीची, काळ्या पोशाखातली, बांध्याने आपल्या कोळणींसारखी. तिला ग्रीकखेरीज भाषा येत नव्हती आणि हिला ग्रीक येत नव्हते. तरी दोघी दिवसभर बोलत होत्या. पहिल्याच जेवणाला घोटाळा झाला. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. म्हातारी कांदा आणि ताज्या चीजचा भरलेला पाव वाढत होती, ही "नै, नै" म्हणत होती, आणि प्रत्येक 'नै'ला एक तुकडा ताटात पडत होता. नकार द्यायचा तर हनुवटी वर उडवून जिभेने 'च्यक्' करायचे, हे बोसनने सांगेपर्यंत चार तुकडे झाले होते. हिने पुढे आयुष्यभर भाजीवाल्याशी घासाघीस करताना ते 'च्यक्' वापरले.

एका सकाळी आम्ही लहान होडीने डेलॉसला गेलो. मिकोनोसहून अर्ध्या तासाची वाट. अपोलो आणि आर्टेमिस या देवतांचे हे जन्मस्थान, प्राचीन ग्रीकांचे मोठे क्षेत्र. इसवी सनापूर्वी ४२६ च्या सुमारास अथेन्सच्या लोकांनी हे बेट 'शुद्ध' केले. सगळी थडगी उकरून मृतांचे अवशेष शेजारच्या रिनिया बेटावर हलवले, आणि नियम केला की यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये. दिवस भरलेल्या बायकांना आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्यांना होडीत घालून रिनियाला न्यावे. पुढे रोमन अमलात डेलॉस खुले बंदर झाले, अफाट पैसा आला, गुलामांचा बाजार भरू लागला. मग इसवी सनापूर्वी ८८ मध्ये आणि पुन्हा ६९ मध्ये बेट लुटले गेले, आणि हळूहळू ओस पडले. आज तिथे संगमरवरी खांब आहेत, पाली आहेत, पहारेकरी आहेत. पाहुण्याला रात्री राहता येत नाही.

ही एका मोडक्या पायरीवर बसून म्हणाली, "मरणाला दार लावले की बारशालाही लागते. मग गाव कसे नांदायचे?" इतिहासकार हे कारण मान्य करणार नाहीत, त्यांच्याकडे युद्धे आहेत, व्यापाराचे बदललेले मार्ग आहेत. मी तेव्हा हसून विषय टाळला. बत्तिसाव्या वर्षी मरणाविषयी कोण बोलतो?

त्याच संध्याकाळी, १९ जुलैला, 'घरची जत्रा' काय ते कळले. मिकोनोसवर कुटुंबांच्या मालकीची चिमुकली देवळे शेकड्यांनी आहेत. कोणी वादळातून वाचला म्हणून बांधले, कोणी नवस फेडायला. बोसनच्या कुळाचे देऊळ एका उघड्या टेकडीवर, प्रेषित एलियासचे. २० जुलै हा त्याचा सण, आणि जत्रा आदल्या रात्री. धर्मगुरूने प्रार्थना म्हटली, गोड पाव आशीर्वाद देऊन वाटले, आणि मग बाहेर लांबलचक मेजे मांडली गेली. शिजवलेले मांस, झणझणीत कोपानिस्ती चीज, कांद्याचा पाव, वाइन. ज्याचे देऊळ, त्याने येईल त्याला जेवू घालायचे. आमंत्रण नाही, पैसे नाहीत. बकऱ्याच्या कातड्याची साम्बूना नावाची मशकबाजा आणि एक लहान ढोल सुरू झाला, आणि लोक हात धरून साखळीने नाचू लागले. आजोबा, नातवंडे, पोलीस, कोळी, रस्ता चुकून आलेले दोन जर्मन.

दमून आम्ही देवळात टेकलो. बोसनने भिंतीतला एक कोनाडा दाखवला. "इथे माझे वडील आहेत." तिथे मृताला पुरल्यावर काही वर्षांनी अस्थी काढून कुळाच्या देवळात आणून ठेवण्याची चाल आहे. मी बाहेर पाहिले. कोनाड्यापासून दहा पावलांवर त्या माणसाची बायको नातवाचा हात धरून नाचत होती. ही हळूच म्हणाली, "सकाळच्या बेटाचे उत्तर या बेटाला ठाऊक आहे."

पुढे पत्रे आली-गेली. पेत्रोस १९८५ मध्ये मोटारीच्या धक्क्याने गेला. आता त्याची गादी दुसरे पाणकोळी चालवतात. २००२ मध्ये ग्रीकांच्या हातातून द्राख्मा जाऊन युरो आला. आपला 'दाम' त्या द्राख्म्याचाच दूरचा वंशज आहे, हे बोसनला कळवले तेव्हा त्याने उलट लिहिले, "मग तुमच्याकडे तरी तो जपून ठेवा." २००९ मध्ये म्हातारी गेली. २०१६ मध्ये आमची ही गेली.

त्यानंतर माझे घर डेलॉससारखे झाले. सगळे जागच्या जागी, स्वच्छ, आणि राहायला कोणी नाही. मुले प्रेमाने वागत. इतक्या प्रेमाने, की माझ्यासमोर तिचे नाव निघणार नाही अशी काळजी घेत. मित्र तिचा विषय आला की पावसावर बोलत. दोन वर्षे असे गेल्यावर बोसनचा निरोप आला : "जत्रा आहे. ये." सहासष्टाव्या वर्षी, गोळ्यांची डबी घेऊन, मी एकटा निघालो.

२०१८ चे मिकोनोस पाहून प्रथम छाती दडपली. बंदराबाहेर इमारतीएवढ्या प्रवासी बोटी. ज्या घरात चार तुकड्यांचा घोटाळा झाला, तिथे भाड्याने कपड्यांचे दुकान लागलेले. किनाऱ्यांवर पहाटेपर्यंत कर्कश संगीत. शाळेवर बदलून आलेल्या मास्तरांना परवडेल अशी खोली मिळत नाही, असे बोसन सांगत होता. (पुढे, जुलै २०२५ पासून, मोठ्या बोटींतून उतरणाऱ्या प्रवाशांवर सरकारने कर बसवला; गर्दीच्या दिवसांत मिकोनोसला माणशी २० युरो.) ही गजबज पूर्वीची नव्हे. पूर्वी पाहुणे यजमानांच्या गर्दीत मिसळत. आता पाहुण्यांच्या गर्दीत यजमान शोधावा लागतो.

पण १९ तारखेच्या संध्याकाळी टेकडीवर गेलो, तर तीच मेजे, तोच वारा, तीच साम्बूना. वाजवणारा मात्र विशीतला पोरगा. बोसनची पाठ वाकली होती, तरी वाढण्याचे पातेले त्याने सोडले नव्हते. त्याने मला देवळात नेले. कोनाड्यात आता वडिलांशेजारी आई होती. त्याने दोन बारीक मेणबत्त्या पेटवून वाळूत रोवल्या. एक आईची, दुसरी माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही चार तुकडेवालीची." आणि बाहेर जाऊन सर्व मेजांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने ती गोष्ट सांगितली. कोणी विषय बदलला नाही. लोक पोट धरधरून हसले, तिचे नाव विचारले, ते वेडेवाकडे उच्चारले, आणि तिच्या नावाने पेले उचलले. दोन वर्षांत तिचे नाव मी इतक्या मोठ्याने ऐकले नव्हते.

मग नाचाची साखळी माझ्यासमोर येऊन थांबली. बोसनच्या नातीने हात पुढे केला. मी "नै" म्हणालो. ते मराठीत म्हणालो की ग्रीकमध्ये, मलाही सांगता येणार नाही. त्यांनी ते ग्रीकमध्ये घेतले.

ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा या दोहोंना 'क्सेनोस' हा एकच शब्द आहे. दुःखालाही त्या लोकांनी त्याच शब्दात बसवले असावे. ते दारात आले की त्याला हाकलत नाहीत, पान मांडतात.

हल्ली हिच्या तिथीला मी चाळीच्या गच्चीवर पिठले-भाकरी आणि कांदा ठेवतो. आमंत्रण नसते. पहिल्या वर्षी लोक गंभीर चेहऱ्याने आले आणि लवकर गेले. आता पोरे पेटी-तबला घेऊन येतात, तळमजल्यावरच्या वहिनी हिची नक्कल करून दाखवतात, आणि पिठले नको असेल तर सगळी गच्ची हनुवटी वर उडवून 'च्यक्' करते.