खांद्यावरचे कापड
(प्रवासाची दैनंदिनी : घोटी ते राजूर)

शनिवार, घोटी

गाडीस पाऊण तासाचा विलंब. स्थानकाबाहेरचा चहा असह्य गोड.

डोंगरात जाणाऱ्याने ओझे फारसे वाढू न देता ऊन, थंडी, धूळ आणि घाम या चौघांचाही बंदोबस्त करील असे एकच कापड जवळ बाळगावयाचे झाल्यास ते कोणते असावे, याविषयी मास्तरांचा आणि माझा तंटा गेल्या दिवाळीपासून प्रलंबित असून, त्याचा निकाल या खेपेस लावावयाचा आहे. उमेदवार तीन. पहिला, मास्तरांचा करड्या लोकरीचा गळपट्टा. दुसरा, त्यांच्या भाच्याने मुंबईच्या पदपथावरून आणून दिलेला, दोन्ही तोंडांनी उघडा आणि वाटेल तसा ताणला जाणारा पॉलिस्टरचा बफ. हा प्रकार 1990च्या दशकाच्या आरंभी स्पेनमधील एका मोटारसायकलस्वाराने काढला आणि आता आमच्या गिरिभ्रमण करणाऱ्या तरुण मंडळींच्या गळ्यात तो सर्रास दिसतो. त्याच्या पाकिटावर डोके, कान, नाक, मनगट इत्यादी ठिकाणी तो कसा घालावा याच्या बारा आकृत्या आहेत. तिसरा, माझ्या पक्षाचा, साधा सुती पंचा, जो आजच येथील बाजारात घेतला आणि सायंकाळी लगोलग धुऊन काढला. कारण नव्या कापडातली खळ जाईपर्यंत ते पाणी टिपत नाही.

खर्च : पंचा 90, जेवण दोघांचे 240, चहा 20.

रविवार, बारी

मोटार पंचावन्न मिनिटे उशिरा. भाडे दोघांचे 80. पिठले-भाकरी 160. चहा गोड. ओला पंचा वाळण्यास सावलीत तीन तास, बफास चाळीस मिनिटे. गळपट्ट्याची नोंद नाही, कारण मास्तर तो भिजवू देत नाहीत.

सोमवार, बारी, कळसूबाईहून उतरल्यावर

1646 मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील या सर्वोच्च शिखराच्या वाटेवर जेथे कातळ उभा ठाकतो तेथे लोखंडी शिड्या बसविल्या आहेत, आणि आमच्या खटल्यातला पहिला पुरावा त्या शिड्यांवरच दाखल झाला. वाऱ्याने उडालेले गळपट्ट्याचे टोक कठड्यात अडकून मास्तरांची मान अकस्मात मागे ओढली गेली, तेव्हा जे कापड गळ्याभोवती लोंबते ते चढणीच्या जागी आधी खोचून घेतले पाहिजे, एवढे तरी उभयपक्षी मान्य झाले. बफास टोकच नसल्याने हा डाव निर्विवादपणे त्याचा.

दुसरा पुरावा माथ्यावर. चढताना घामाने भिजलेला पंचा मानेवर होता तोवर परमसुख होते, कारण पाणी उडून जाताना अंगातील उष्णता आपल्याबरोबर नेते; परंतु देवीच्या देवळापाशी बोचऱ्या वाऱ्यात उभे राहताच तेच पाणी त्याच तत्परतेने नको असतानाही उष्णता नेऊ लागले, आणि पौषातल्या त्या उन्हात माझे दात वाजू लागले. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत आर्द्रता पोटात घेऊनही स्पर्शाला ओला लागत नाही, हे मास्तरांनी मला तेथे दोनदा आणि उतरताना आणखी एकदा सांगितले. त्यांची मान खाजून लाल झाली होती, हे मी एकदाच सांगितले.

मंगळवार, भंडारदरा

पाय दुखतात. 1926 साली पुरे झालेले प्रवरेवरचे धरण पाहिले, भव्य आहे. चहा गोड. खोलीचे 900 हे अवाजवी. अधिक लिहवत नाही.

बुधवार, रतनवाडी

अमृतेश्वराच्या देवळाचे कोरीवकाम पाहण्यात सकाळ गेली, त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहावयाचे आहे ते विहिरीवर भेटलेल्या आजींविषयी. दोन हंडे डोक्यावर आणि कळशी काखेत घेऊन त्या ज्या सहजतेने चढ चढत होत्या ती पाहून मी, हंडे उतरवून त्या विसावल्या असता, त्यांच्या चुंबळीची चौकशी केली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्याचा तो पीळ त्यांनी सोडून दाखविला आणि पुन्हा तीन वेढ्यांत घट्ट वळून ठेवला. मी खिशातून बफ काढून याची चुंबळ होईल काय असे विचारले. त्यांनी तो ताणला, सोडला, पुन्हा ताणला, आणि मोकळेपणाने हसून म्हणाल्या, “ह्याची कशी व्हायची बाबा? ह्ये तर डोईवरनं सटकतंय.”

मास्तरांनी, आपल्या पक्षाची बाजू तेथे लंगडी आहे हे जाणून, पाणी गाळण्याचा विषय काढला. आजींचे उत्तर लांबले. त्यांच्या तरुणपणी नारूचे भय होते. पायातून दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत बाहेर काढावा लागे, आणि दवाखान्याची माणसे येऊन पाणी फडक्यातून गाळून प्या म्हणून बजावीत. नारूचा जंतू ज्या सूक्ष्म जलचराच्या पोटात राहतो तो दाट विणीच्या कापडातून पार होत नाही, म्हणून या गाळण्याचा त्या रोगाच्या निर्मूलनात मोठा वाटा आहे; भारतातील शेवटचा रुग्ण 1996 सालचा असून 2000 साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. बांगलादेशातील खेड्यांत झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर, जुन्या सुती साडीच्या चार किंवा अधिक पदरांतून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. साडी जुनी हवी, कारण वारंवार धुण्याने सूत फुलून विणीतली छिद्रे बारीक होतात. सबब माझा नवा कोरा पंचा या कामी अद्याप उमेदवारी करीत आहे असेच म्हणावे लागेल, आणि ताणल्याबरोबर ज्याची वीण उघडते तो बफ तर बादच. गाळलेले पाणीही आम्ही उकळून घेतो.

निघताना मी त्याच पंच्याने तोंड पुसू लागलो, तेव्हा आजींनी मला थांबविले. “गाळायचं फडकं न्यारं ठेवावं,” एवढेच म्हणाल्या आणि हंडे डोक्यावर घेतले.

गुरुवार, कुमशेत

कात्राबाईच्या खिंडीतून उतरताना मास्तर घसरले. मनगट सुजले आहे. पंचा लांबीत दुमडून हाताखालून घेतला, आणि गाठ मणक्यावर रुतू नये म्हणून मानेच्या बाजूस मारून झोळी केली. उत्तम बसली. परिणामी दुपारी माझ्या डोक्यावर काही नव्हते, रात्री भाकरी कशात बांधावी हा प्रश्न पडला, आणि घाम पुसण्यास सदऱ्याची बाही उरली. पाकिटावरच्या आकृत्यांत प्रत्येक माणूस एका वेळी एकच काम करीत असतो, हे आज प्रथम लक्षात आले. मास्तर विव्हळत असतानाही त्यांनी गळपट्टा झोळीसाठी देऊ केला नाही. विणलेली लोकर ओझ्याने ताणते, असे कारण दिले. कारण खरे आहे.

शुक्रवार, पाचनई

जेवण दोघांचे 300. वाटाड्या 500. मलमपट्टी 60. मुक्काम एका घराच्या ओसरीवर, मोबदला घेतला नाही. मनगटाची सूज उतरली.

शनिवार, हरिश्चंद्रगड

केदारेश्वराच्या गुहेत लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच अभंग आहे आणि भोवती कंबरभर बर्फगार पाणी. झोळीतून मुक्त झालेला पंचा नेसून मी प्रदक्षिणा केली. तेथून कोकणकड्यावर गेलो. कडा पाहून बोलणे थांबले, ते मास्तरांनी घसा दुखतो असे म्हणून पुन्हा सुरू केले.

रात्र कठीण. पंचा ओला, म्हणजे थंडीच्या दृष्टीने गैरहजर. गळपट्टा मास्तरांच्या गळ्यात. मी मागितला असता, वाद न्यायप्रविष्ट असताना एका पक्षकाराने दुसऱ्याचा पुरावा वापरणे शिरस्त्यास धरून नाही, असे त्यांनी सुनावले. मी बफ कानांवरून ओढला आणि खरे सांगावयाचे तर बरा निभाव लागला, तो शेकोटीतली ठिणगी येऊन त्यास वाटाण्याएवढे भोक पडेपर्यंत. पॉलिस्टर वितळते; लोकर करपते पण सहसा पेट घेत नाही; सूत मात्र धुमसत राहते.

रविवार, राजूर

निकालपत्र मोटारीची वाट पाहता पाहता तयार झाले, आणि त्यावर दोघांचीही सही आहे.

एक कापड बारा कामे करते ही जाहिरात खोटी नव्हे. परंतु त्या कामांतली निम्मी कापडाला ओले करतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते कोरडे लागते, म्हणून सकाळी पुसण्या-गाळण्यास लावलेले वस्त्र रात्री ऊब देईल ही अपेक्षा करू नये. निवड एकाची नसून जोडीची करावी. ओल्या कामांसाठी सुती पंचा : कंबरेभोवती फिरून गाठ बसेल इतका लांब, काठ दुमडून शिवलेला, मळ दिसावा म्हणून फिकट रंगाचा, आणि घरी वर्षभर वापरून मऊ झालेला, गाळण्यास मात्र त्याच्या एका टोकाचा तुकडा कापून वेगळा ठेवावा. कोरड्या कामांसाठी लोकरीचा गळपट्टा, जो सूर्यास्तापूर्वी पिशवीबाहेर काढू नये, मालक कितीही आग्रही असला तरी. बफ शिड्यांवर आणि धुळीच्या मोटारीत चालेल. शेकोटीपासून चार हात दूर.

या कलमावर मास्तरांनी एक दुरुस्ती सुचविली : प्रत्येक प्रवाशाकडे स्वतःचा गळपट्टा असावा. ती एकमताने संमत झाली. संगमनेरला उतरल्यावर लोकरीचा भाव विचारावयाचा आहे.

खर्च : जेवण 220, औषध 35.

(क्रमशः)