बॉल पायथनचा उपास

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान अजगर. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवर आणि विरळ रानांत तो राहतो. नर साधारण तीन फुटांचा, मादी चार-पाच फुटांची. विष नाही, चावण्याची घाई नाही. भ्याला की डोके मधोमध लपवून अंगाचे घट्ट वेटोळे करतो आणि धोका टळेपर्यंत तसाच पडून राहतो. दिवस उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात काढतो, हिंडायला रात्री निघतो. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून त्याची पिल्ले कित्येक दशके अमेरिका-युरोपात जात आली आहेत आणि आता तिकडे पाळणाऱ्यांच्या घरीही त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या निपजतात. स्वभाव गरीब, आकार बेताचा, त्यामुळे पाळीव सापांत त्याला मोठी मागणी. खोड एकच. नव्या घरात आला की तो खाणे सोडतो.

हा उपास बहुधा आजारपणाचा नसतो. बॉल पायथन भक्ष्यामागे धावत नाही, दबा धरून बसतो. अंगातली ऊब तो स्वतः तयार करत नाही, बाहेरून घेतो, म्हणून त्याला इंधन फारच थोडे लागते. थंडीच्या दिवसांत मोठे नर महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत आणि तरी त्यांचे वजन फारसे उतरत नाही. घर बदलले की भीतीची भर पडते. जिभेने हवेतले वास टिपायचे आणि वरच्या ओठावरच्या खळग्यांनी समोरच्याच्या अंगाची ऊब ओळखायची, ही त्याची जग समजून घेण्याची रीत. नव्या पेटीत प्रत्येक वास परका आणि काचेपलीकडून येणारी प्रत्येक ऊब त्याच्याहून मोठ्या प्राण्याची. अशा वेळी भूक असली तरी लपण सोडून बाहेर येणे त्याला धोक्याचे वाटते.

म्हणून नवा साप खायला लागावा यासाठी पहिले काम जागेचे. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश सेल्सियस आणि दुसऱ्या टोकाला २६ अंशांच्या आसपास तापमान लागते आणि तापवणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही आणि हे सापाला आधी कळते, पाळणाऱ्याला नंतर. दोन्ही टोकांना एकेक लपण ठेवावे, तेही अंग चारी बाजूंनी टेकेल इतके अडचणीचे. माणसाला ऐसपैस जागा म्हणजे सुख वाटते, या सापाला ती उघड्यावर टाकल्यासारखी वाटते. काचेच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात. हवेत दमटपणा असावा. एवढे झाले की निदान आठवडाभर त्याला उचलू नये, झाकण उघडून पाहू नये, दाखवायला पाहुणे बोलावू नयेत.

या शेवटच्या सूचनेत अवघड काही दिसत नाही. ती मोडते कशी, हे डॅलसजवळच्या एका मराठी घरात २०२० च्या ऑक्टोबरात दिसले. घर शाकाहारी. मुलाची शाळा संगणकावर, आईवडिलांची कचेरी जेवणाच्या टेबलावर. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी मार्चमध्ये कोविडच्या साथीत विमाने बंद झाल्यामुळे अडकलेली. मुलाने वर्षभर कुत्रा मागितला होता आणि अखेर तडजोड सापावर झाली, कारण वडिलांच्या मते त्याचे काही करावे लागत नाही. दीडेक वर्षांचा नर आला. मुलाने त्याचे नाव नूडल ठेवले. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही असा आजीचा शिरस्ता, आणि हा तर दिवसाही घरात, तेव्हा ती त्याला ‘जनावर’च म्हणे.

या घरात प्रेम आग्रहाने करतात. पानावरून उठू पाहणाऱ्याला ‘अर्धी तरी घे’ म्हटल्याशिवाय सोडत नाहीत आणि तापात दोन घास गेले की अर्धे बरे वाटल्याचे धरतात. तिथे एक जीव येऊन काहीच खात नाही, हे कोणालाच सोसेना. सकाळी चहाआधी वडील लपण उचलून बघत. दुपारी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत मुलगा त्याला हातात घेई, ‘सवय व्हावी’ म्हणून. आईला मेलेल्या उंदराची किळस होती, पण ती दर संध्याकाळी काचेला नाक लावून उभी राही. आजी खोलीच्या दारापाशीच थांबे आणि विचारी, “खाल्लं का रे त्यानं?” एकादशीला तिने निकालच दिला. “उपासाला माणूससुद्धा साबुदाणा खातं. हे तेही खात नाही.” साप लपणात तोंड खुपसून पडलेला. त्याच्या दृष्टीने दिवसातून चार-पाच वेळा कोणीतरी मोठे श्वापद बिळाचे छप्पर उचकटत होते.

पोट भरण्याची रीत अशी. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात अंगाइतका, म्हणजे ३८ अंशांच्या थोडा वर, तापवावा आणि कोरडा पुसून घ्यावा. मायक्रोवेव्ह वापरू नये, उंदीर आतून शिजतो आणि फुटतो. त्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी, त्याहून जास्त नको. दिवे मंद करून लांब चिमट्याने शेपटीकडून धरावा आणि लपणाच्या तोंडाशी किंचित हलवावा. सापाच्या नाकावर आपटू नये, तो भिऊन मागे सरतो. चिमट्यावरून घेत नसेल तर उंदीर तिथेच ठेवून रात्रभर दार लावून घ्यावे. नाही खाल्ला तर सकाळी टाकावा आणि पुढचा आठवडाभर विषय काढू नये. रोज रोज पुढे केल्याने नकाराचीच सवय लागते. डोळे निळसर-दुधी दिसू लागले तर साप कात टाकणार असे समजावे, तेव्हा विचारूच नये. जिवंत उंदीर सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला उंदीर एका पेटीत राहिले तर चावा सापाला बसतो आणि जखमा खोल असतात. जो साप आधीच्या घरी जिवंत उंदरावर वाढला, तो मेलेल्याला लवकर भक्ष्य मानत नाही हे मात्र खरे. अशा वेळी विकणाऱ्याने काय आणि कसे घातले, हे विचारून तेच आधी घालावे आणि बदल मागाहून करावा.

भीती खरी कधी धरायची, हे डोळ्यांनी ठरत नाही, काट्याने ठरते. वजन एक दशांशाहून जास्त उतरले किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर सापांच्या डॉक्टरला दाखवावे. त्या घरातला एकमेव काटा स्वयंपाकघरातला, बेसनाच्या लाडवांचे माप करणारा. तो सापाखाली गेल्याचे कळल्यावर आजीने त्याला पुन्हा ओट्यावर येऊ दिले नाही. उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर आला, कारण खवलेल्या नारळाशेजारी ती पिशवी ठेवायला आईने साफ नकार दिला. वजन मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले. साप आपल्या हिशोबाने ठीक होता, घर खंगत होते.

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर हिमवादळ आले. राज्यातल्या पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली, आणि १६ तारखेच्या पहाटे डॅलसचे तापमान उणे १९ अंशांपर्यंत उतरले. टेक्सासातली घरे उन्हासाठी बांधलेली, त्यांना अशी थंडी ठाऊक नव्हती. पेटीतला तापमापक २० च्या खाली आला. एवढ्या थंडीत हा साप टिकला तरी फुप्फुसांचा आजार धरतो. अशा प्रसंगी त्याला सुती उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारावी आणि माणसाच्या अंगाशी, कपड्यांच्या वर पण पांघरुणाच्या आत ठेवावे. गरम पाण्याची बाटली असल्यास ती फडक्यात गुंडाळून, थोडी दूर.

त्या रात्री सगळे एकाच खोलीत होते. मुलाला झोप अनावर झाली, तो कूस बदलेल आणि साप खाली चिरडेल, अशी आईला धास्ती. वडील गॅसच्या शेगडीवर पाणी तापवून बाटल्या भरत होते. झोप न येणारे माणूस घरात एकच. आजीने सांगलीहून आणलेली जुन्या लुगड्यांची गोधडी उलगडली आणि म्हणाली, “आण ते इकडे.” “अहो आई, तुम्हाला जमेल का?” सुनेने विचारले. “त्यात काय जमायचंय? गाठ नीट मारा म्हणजे झालं.” चार महिने जी दाराच्या आत आली नव्हती, तिने अभ्रा पोटाशी घेतला आणि त्यावर हात ठेवून भिंतीला टेकून बसली. मधूनमधून ती बोटांनी चाचपे. वेटोळे हळूहळू सैल झाले, हे तिने पहाटे सांगितले, आणि अभ्रा सोडायला मग तीच तयार होईना.

थंडीतून निघालेल्या सापाला लगेच खायला देऊ नये. पोट पुरते उबदार होऊन काही दिवस जावे लागतात, नाहीतर उंदीर आत कुजतो किंवा उलटून पडतो. वीज आल्यावर त्या घराने हे पाळले. पाळले म्हणण्यापेक्षा, फुटलेल्या नळांपुढे सापाकडे बघायला कोणाला सवड उरली नाही. लपण उचलले गेले नाही, हातात घेणे झाले नाही. मार्चमध्ये आजीच्या लशीच्या दुसऱ्या मात्रेचा दिवस आला. आदल्या रात्री मुलाने उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवला, पडदा ओढला, आणि सकाळी घाईत सगळेच्या सगळे गाडीत बसले. दुपारी परतल्यावर उंदीर नव्हता, सापाच्या मध्यावर फुगवटा होता. मुलगा ओरडणार, तोच आजीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. “जेवलेल्याला उठवायचं नाही.” खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये, असे पाळणारेही सांगतात.

घरात आजही श्रेय गोधडीला देतात. वास्तविक थंडी सरताना नर खाऊ लागतातच, आणि त्या काही आठवड्यांत पेटीकडे कोणी फिरकले नव्हते, एवढी दोन कारणे पुरेशी आहेत. पण हे त्या घरात कोणी ऐकून घेत नाही. त्या श्रावणात नागपंचमीला आजीने पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या आणि दूध त्याच्यापुढे ठेवले, पेटीपुढे नाही. त्याला नैवेद्य चालत नाही, हे तिला तोवर पाठ झाले होते. पुढच्याच महिन्यात ती सांगलीला परतली. फोनवर तिचा पहिला प्रश्न नातवाच्या अभ्यासाचा नसे.

पाळलेले बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतात. सेंट लुई प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० मध्ये, साठी उलटल्यावर, अंडी घातली. डॅलसचा नर २०२४ च्या उन्हाळ्यात, ऐन तारुण्यात गेला. आजीला कळवायचे की नाही यावर आईवडिलांचा दोन दिवस खल झाला, शेवटी मुलानेच सांगून टाकले. ती म्हणाली, “शेवटी खाल्लं होतं ना त्यानं?” खाल्ले होते.

मग सांगलीतल्या धाकट्या नातवालाही तसाच साप हवासा झाला. भारतात आढळणारा आपला अजगर पहिल्या अनुसूचीत असल्याने तो पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याच, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी सक्तीची आहे. कागद नसलेला साप बहुतेक वेळा चोरट्या मार्गाने आलेला असतो. तेव्हा घ्यायचाच असेल तर आधी कागद बघावेत, आणि विकणाऱ्याला तो आपल्यासमोर खाताना दाखवायला सांगावा. दाखवत नसेल तर पैसे देऊ नयेत.